बंद घराची चूल

बाय, आधी माफी मागते. अक्षर वाकडं येतंय. काना-मात्रा चुकतील, ऱ्हस्व-दीर्घ तर मला शाळेतसुद्धा जमलं नाही. चौथी होऊन इतकी वर्षं झाली, त्यानंतर बचत गटाच्या सह्या सोडल्या तर हातात पेन धरलं नाही. तुला वाचता येत नव्हतं, म्हणजे माझ्या चुका तुला दिसणार नाहीतच. तरी लिहिताना हात घाबरतो. मला कशाचीही भीती वाटते हे तुला माहीत आहे. तू हसायचीस. "लखमे, तू आपल्या सावलीला पण विचारून पाय टाकतेस."

गणपती गेले आणि त्यांच्या मागोमाग तू गेलीस. अजून लोक येऊन बसतात. तू किती कामाची होतीस, भात लावायला कशी सगळ्यांच्या पुढं असायचीस, ते सांगतात. ते खरं आहे, पण ते मी लिहीत नाही. मला तुझ्याशी गेल्या थंडीचं बोलायचं आहे. ते आपल्या दोघींतच होतं आणि अर्धंच राहिलं.

तुम्ही वीटभट्टीवर निघायच्या चार दिवस आधी पहिल्यांदा जमीन हलली. आधी आवाज आला, ट्रकमधून दगड ओतावेत तसा. मग मांडणीवरची भांडी वाजली. आपल्याला वाटलं खदानीत सुरुंग लावला. दुसऱ्या दिवशी परत, आणि मग परत. तेव्हा पाड्यातलं कुणी सुरुंगाचं नाव घेईना. सगळे अंगणात उभे राहून आपापल्या घरांकडे बघत होते, जसं मारक्या बैलाकडे बघतात.

तुमची बोचकी बांधून तयार होती. तुम्हा दोघांच्या जोडीची उचल मुकादमाकडून पावसातच घेतलेली, ती खाऊन पण झालेली. जाणं भागच होतं. तुझं नि दादांचं भांडण लागलं ते तुमच्या सुनीतावरून.

दादा म्हणाले, "पोरीला घेऊन जाऊ. इथं जमीन हलते, दिसत नाय का?"

"भट्टीवर जमीन नाय हलत. पण तिथं शाळा पण नाय."

"एका सालानं काय होतंय?"

"गेल्या साली नेली तेव्हा पण हेच बोललात. परत आली तर स्वतःच्या नावातला सु तेवढा लिहिते, पुढचं आठवत नाय. तिसरीत बसते आणि पहिलीचं वाचते. अजून एक साल नेली की माझ्यासारखी अंगठा होईल. मग विटाच थापत बसेल."

दादांनी बोचक्याची गाठ परत आवळली. आणि तू माझ्याकडे वळलीस. "लखमे, तू ठेवशील तिला? तुझ्या दिपीबरोबर बसव अभ्यासाला. तू चौथी शिकलेली."

बाय, तेव्हा मला नाही म्हणायचं होतं. दुसऱ्याची मुलगी, आणि पायाखालची जमीन अशी. उद्या काही झालं तर तुला तोंड कसं दाखवू? पण दादा माझे थोरले दीर, त्यांच्यासमोर मी कधी बोलत नाही, तेव्हाही बोलले नाही. मी मान हलवली. तुला ती होकाराची वाटली. खरं सांगायचं तर ती नुसती थरथरत होती. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तू इतकी खूश झालीस की सांगता आलंच नाही.

निघताना तू घर बंद केलंस. चूल सारवलीस, वर तवा पालथा घातलास, दाराला बोरीची काटेरी काटी बांधलीस. आपल्या घरात नेम आहे, बंद घराची चूल दुसऱ्या बाईनं पेटवायची नाही. मालकिणीनं परत येऊन पहिला जाळ करायचा. नाहीतर गेलेलं माणूस परतत नाही, असं सासूबाई सांगायच्या. मी ते ऐकलं तेव्हापासून माझ्या मनात पक्कं बसलं होतं.

तुम्ही गेलात आणि जमीन जास्तच हलायला लागली. आमच्या नव्या घरकुलाच्या भिंतीला चीर पडली. मला त्या घराचा किती अभिमान होता, तू टोमणे मारायचीस ना, "लखमीबाईचा बंगला" म्हणून. आता त्या बंगल्यात पाय टाकायची हिंमत होईना. आम्ही अंगणात बांबू रोवून ताडपत्री बांधली आणि तिच्याखाली राहायला लागलो. सगळा पाडाच तसा राहत होता. हे कंपनीतून उंबरगावहून आले की बाहेरच जेवायचे, बाहेरच झोपायचे. पीठ, मीठ, पुस्तकं, सगळं आत. मी दारातून धावत जायची, हाताला लागेल ते उचलायची आणि धावत यायची. कितीदा तर मिठाऐवजी साखर आणली.

शाळेच्या मॅडमनीही मुलांना वर्गात बसवणं सोडलं. आंब्याखाली शाळा भरायची, तीही दुपारपर्यंत. मॅडम पालकांना म्हणायच्या, बाकीचं घरी करून घ्या. एक दिवस त्यांनी मला थांबवलं. मी पदर तोंडाला लावून उभी राहिले. त्या म्हणाल्या, "सुनीताची काकी ना तुम्ही? शिकवता नाही आलं तरी जवळ बसा. एवढंच करा. मूल वाचत असताना कुणीतरी ऐकतंय, हे त्याला कळलं पाहिजे."

मग मी जवळ बसायला लागले. उन्हं कलायच्या आत, कारण लवकर काळोख पडायचा आणि वीज असली तरी ताडपत्रीखाली कुठला दिवा? दोघी एका गोधडीत गुंडाळलेल्या. थंडीनं सुनीताच्या बोटांतून पेन्सिल निसटायची. चिंचोक्यांचे ढीग करून मी तिला पाढे शिकवले, तीनाचा, चाराचा. तेवढ्यापुरतं मला येत होतं. दिपी पहिलीत, ती चिंचोके तोंडात घालायची. वाचन मात्र पुढं सरकेना. सुनीता बोट ठेवून एकेक अक्षर जोडायची, एखादं वाक्य पुरं व्हायला यायचं, आणि हायवेवरून मोठी गाडी गेली की पुस्तक टाकून उठायची. मी पण उठायची. खोटं कशाला सांगू, तिच्या आधी मीच उठायची. परत बसली की पहिल्या ओळीपासून. असं करून तिला सगळ्या धड्यांच्या सुरुवाती पाठ झाल्या. शेवट एकाचाही माहीत नव्हता.

पौषात थंडी वाढली. दिपीला खोकला लागला, मग सुनीताला ताप आला. सरकारी दवाखान्यात बाई म्हणाल्या, मुलांना उघड्यावर निजवू नका. मी हो म्हटलं. घरी आले आणि परत ताडपत्रीखालीच निजवलं. आत नेऊ तर भिंत, बाहेर ठेवू तर थंडी. मी दोन्ही मुलींच्या छातीवर हात ठेवून पडायची. श्वास लागतो का बघायची. तशा भीतीनं माणूस मरत नाही, पण दुसरं काही करूही शकत नाही.

ह्यांनी तुला फोन केला. आणि तू आलीस. मुकादमाकडून एका दिवसाची सुट्टी मागून, टेम्पोत बसून, सकाळी सकाळी. केसांत अजून मातीची धूळ होती. आधी सुनीताच्या कपाळाला हात लावलास. मग ताडपत्री बघितलीस, विझत आलेली शेकोटी बघितलीस, आणि मान वळवून पलीकडे तुझ्या घराकडे बघितलंस.

"लखमे, माझं घर तुला दिसलं नाय?"

"बंद होतं."

"बंद म्हणजे? दाराला काटी बांधलेली. काटी काढायला काय वाघ बसवलेला?"

"चूल..." मी एवढंच बोलले.

तुला आधी हसू आलं. मग इतका राग आला की तू ताडपत्रीची दोरीच ओढलीस. "अगं येडे! कारवीचा कूड नि शेणमाती, वर पेंढा. ते घर पडलं तर टोपलं पालथं पडल्यासारखं पडेल, पोरी खालून हसत निघतील. आणि तू त्या विटांच्या भिंतीशेजारी थंडीत बसवलंस त्यांना? विटा मी थापते. वीट डोक्यात पडली की काय होतं ते माझ्याकडून ऐक."

खरंच, बाय, दहा पावलांवर ते घर होतं. रोज डोळ्यांसमोर. मला एकदाही सुचलं नाही. सुचलं नाही असंही नाही, सुचलं की मी तिकडे पाठ करायची. जमिनीची भीती एकीकडे आणि सासूबाईंच्या शब्दाची भीती एकीकडे. दोन भीतींमध्ये मुलींना बसवलं होतं मी.

तू काटी काढलीस, तवा उचललास, काटक्या घातल्यास आणि जाळ केलास. चहा ठेवलास. मग मला म्हणालीस, "आता तू लाकूड घाल."

"मी नाय. सासूबाई सांगायच्या..."

"तुझी सासू ती माझी पण सासू. ती होती तेव्हा जमीन हलत होती का? मी जित्ती मालकीण तुला सांगते हाय, घाल लाकूड. मी गेले तरी ही चूल चालू ठेव. बंद करायची नाय आता."

मी लाकूड घातलं. इतकं घाईनं टाकलं की राख उडून चहात पडली. तोच चहा आपण प्यालो.

मग तू सुनीताला मांडीशी घेतलंस आणि म्हणालीस, "वाच. मला ऐकू दे, काकीनं काय शिकवलं." तिनं पुस्तक उघडलं. अर्ध्यावर आली तशी जमीन हलली. आवाज आला, कूड करकरला, पेंढ्याचा भुगा खाली आला नि पानावर पडला. मी उठून दारात पोचले होते. दिपीला उचललं होतं. सुनीता अर्धी उठलेली, तुझ्याकडे बघत. तू हलली नाहीस. फक्त म्हणालीस, "वाच ना. पुढं काय झालं?"

तिनं पानावर फुंकर मारली आणि वाचलं. बोट ठेवून, अडखळत, पण शेवटच्या ओळीपर्यंत. मग पान उलटलं तर दुसराच धडा. तिनं विचारलं, "संपला?"

तू म्हणालीस, "बघ, शेवट असा असतो होय!" आणि इतकी मोठ्यानं हसलीस की शेजारची बाई डोकावून गेली.

दुपारच्या टेम्पोनं तू परत गेलीस. त्यानंतरची सगळी थंडी आम्ही तुझ्या घरात काढली. माझी भीती गेली नाही. पण मुली उबेला होत्या. भात शिजेपर्यंत सुनीता चुलीजवळ बसून वाचायची आणि मी शेजारी बसून ऐकायची. झाकण वाजलं तरी दचकायची मी, पण बसून राहायची. तुझी नक्कल करायची. "पुढं काय झालं?" एवढंच विचारायची. होळीपर्यंत ती बोट न ठेवता वाचायला लागली. परीक्षेला मॅडमनी तिची पाठ थोपटली. तुला फोनवर सांगितलं तर तू काही बोललीच नाहीस. मला वाटलं फोन तुटला. मग तुझं नाक ओढण्याचा आवाज आला.

तू परत आलीस, बाय. मे महिन्यात, डोक्यावर बोचकं, हातात दोघींसाठी फ्रॉक. हे मी मुद्दाम लिहिते आहे. कारण तुझ्या दिवसांना आलेल्या बायका कुजबुजल्या, चूल दुसऱ्या हातात दिली म्हणून गेली. त्यांना वाटलं मला ऐकू आलं नाही. मला सगळं ऐकू येतं. त्या रात्री मला वाटलं, मीच. त्या लाकडानंच. मग मी स्वतःला समजावलं, नेम होता तो गेलेलं माणूस परतत नाही असा. आणि तू तर परतली होतीस. भात लावलास. माझ्याशी भांडलीस. मग नेम तुटला कुठं? पण असं समजावून भीती पुरती जात नाही. लाकूड घालताना अजून एक क्षण हात थांबतो.

भांडलीस ती आश्रमशाळेवरून. सुनीता पाचवीत जाईल तेव्हा तिला आश्रमशाळेत ठेवायचं तू ठरवलं होतंस. मी म्हटलं, ती स्लॅबची मोठी इमारत, रात्री हललं तर? तू म्हणालीस, "मग काय जल्मभर कुडाखाली ठेवू? तुला चौथीच्या पुढं काय येतं?" मला ते लागलं. मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. पण तू खरं बोलली होतीस. आता ती चौथीत आहे. भागाकार ती मला समजावते. पुढच्या जूनचा विचार आला की मला ती स्लॅबची इमारत दिसते. तू असतीस तर परत भांडलो असतो, आणि शेवटी तुझंच झालं असतं. आता मला एकटीला दोन्ही बाजूंनी बोलावं लागतं.

श्रावणात मुकादम आला, तेव्हा घरात दाणा नव्हता. दरसालसारखी तुम्ही जोडीची उचल घेतलीत. थोडी किराण्याला गेली. मग तुझे डोळे पिवळे झाले. तू म्हणालीस, भात लावून थकले. आम्ही ऐकलं. दवाखान्यात नेलं तोवर उशीर झाला होता, उरलेली उचल गाड्यांत आणि सलाईनच्या बाटल्यांत गेली. शेवटच्या दिवशी तू मला ओळखलंस की नाही मला कळलं नाही. मला तुला विचारायचं होतं, आता काय करू? विचारलं नाही. तू दमलेली होतीस.

दसरा झाला आणि मुकादम मोटरसायकलवर आला. मी आत तुझ्या चुलीपाशी होते, सुनीता पाढे म्हणत होती. तो ओट्यावर बसला. वाईट झालं, म्हणाला. पाणी प्यायला. मग म्हणाला, "पण उचल जोडीची हाय. आता जोडी तुटली. एकट्याला भट्टीवर घेत नाय शेठ."

दादा खाली बघत होते.

"पोरगी केवढी झाली? माती द्यायला, विटा पलटायला होईल की. तुझी नि तिची जोडी धरू. स्वयंपाक पण करेल तुला. तुझंच भलं बघतो मी."

आत सुनीताचा पाढा थांबला.

मी वाट बघत होते, दादा आता नाही म्हणतील. ते म्हणाले, "विचार करतो."

बाय, मी कशी उठले मला माहीत नाही. दाराच्या आडून बोलले, पदर डोळ्यांपर्यंत ओढून, पण बोलले. "सुनीता नाय येणार. तिची शाळा हाय."

मुकादम इकडेतिकडे बघायला लागला. "कोण बोललं? ही तर मुकी बाई असं ऐकलेलं मी." हसला. "मग पैसे देते का शाळा?"

"पैसे आम्ही देऊ. दिवाळीच्या आत."

तो गेला. मी खाली बसले. जमीन हलते आहे असं मला वाटलं, मी सुनीताला ओरडले, बाहेर पळ. ती म्हणाली, "काकी, काय नाय हललं. तूच हलतेस."

दादा चिडले. "तू कोण बोलणारी? कुठून देणार? माझी पोर, माझी उचल." एकदा बोलण्यातच माझं सगळं बळ संपलं होतं. ह्यांनी सांगितलं त्यांना, "दादा, वयनीनं तिला लखमीच्या हाती दिलेली. तेव्हा तू काय नाय बोलला." दादा उठून नदीकडे गेले. काळोख पडल्यावर आले. जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे डबा मागितला आणि उंबरगावला बांधकामावर गेले. तेव्हापासून रोज जातात.

मी तुझ्या माहेरच्या वाडीत, आशागडला, चिकू निवडायला जाऊ लागले. पाऊस संपता संपत नव्हता, फळ काळं पडत होतं, हजेरी अर्धीच मिळायची. बसमध्ये मला वाटायचं, मी इथं आणि तिथं काही झालं तर. मुली शाळेतून येऊन तुझ्या घरात एकट्या. घरी परतताना लांबून धूर दिसला की पाय हलके व्हायचे. दिवाळी आठ दिवसांवर आली आणि रक्कम भरत नव्हती. तेव्हा मी ह्यांना म्हटलं, घरकुलाची चीर बुजवायला पैसे ठेवलेले आहेत ते काढा.

हे म्हणाले, "आणि भिंत?"

"भिंत राहू दे."

"परत हललं तर?"

मी म्हटलं, "मला पण भीती वाटते. पण सुनीता भट्टीवर जाईल, ती जास्त वाटते."

 ह्यांनी पैशांचा डबा काढून माझ्यापुढं ठेवला.

काल मुकादम आला. त्याचा एक ट्रक नाक्यावर उभा होता, माणसं चढत होती, मागच्या पाड्यातल्या दोन मुली पण होत्या, सुनीताच्याच वर्गातल्या. सुनीता ओट्यावर उभी राहून त्यांच्याकडे बघत होती आणि त्या हिच्याकडे. मला वाटलं, आता हा काही नवीन काढेल, व्याज म्हणेल, गाडीभाडं म्हणेल. मी दाराला धरून उभी होते.

दादांनी पैसे दिले. त्यानं मोजले. परत मोजले. दादांना म्हणाला, "एकटा तरी ये, बघू शेठला विचारून." दादा म्हणाले, "यंदा नाय. पोरगी एकटी राहील." तो माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई, काही राहिलं नाय आता." मी मान हलवली. मग त्यानं किक मारली आणि गेला.

सगळे पैसे फिटले, बाय. तुझ्या नावावर कुणाचं काही राहिलं नाही.